गोदावरी कोणत्या हद्दीत?

संपादक म्हणाले, "जमादार, उभी हयात पोलीस खात्यात गेली तुमची. एखादा थरारक अनुभव लिहा. खून, दरोडा, काहीही चालेल."

खुनाचं मी लिहिणार न्हाई. खून झाला की साहेब येतात, साहेबांचे साहेब येतात, कुत्रं येतं, टीव्हीवाले येतात. तिथं जमादाराला काम काय, तर दोरी धरून लोकांना मागं सारायचं. माझी नोकरी गेली ती बेवारस मयत आणि हरवलेली माणसं यांच्या टेबलावर. हे टेबल कुणाला नको असतं. त्यात बक्षीस न्हाई, फोटो न्हाई, आणि वास आहे. मला ते दिलं कारण मी कुणाच्या जवळचा नव्हतो. एकदा दिलं ते दिलंच.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पोलिसाचा सगळ्यांत मोठा शब्द म्हणजे गुन्हा. बिलकुल न्हाई. सगळ्यांत मोठा शब्द हद्द. माणूस मेला कसा, हे नंतर. आधी मेला कुठं? आमच्या हद्दीत का शेजारच्या? शेजारच्या म्हटलं की ठाण्यातल्या ठाण्यात सगळ्यांचे खांदे खाली येतात, चहा मागवला जातो. नकाशावर कुणीतरी कधीतरी एक रेघ ओढून ठेवलेली असते. ओढणारा कोण, कशासाठी ओढली, कुणाला ठावं न्हाई. पण तिच्यावर आमची भाकरी आणि मेलेल्याची माती ठरते.

एकदा दोन ठाण्यांच्या मधल्या पुलावर एक मोटारसायकलवाला पडलेला सापडला. डोकं आमच्याकडं, पाय त्यांच्याकडं. दोन्हीकडचे फौजदार आले. टेप आणला. पुलाचा मध्य काढायला लागले. उन्हाचा कहर, आणि मेलेल्याचा मेव्हणा बिचारा रस्त्याच्या कडंला उकिडवा बसून बघून राह्यला. शेवटी तोच उठला आणि म्हणाला, "साहेब, मी जरा सरकवतो त्याला. कुनीकडं सरकवू तेवढं सांगा." तेव्हा कुठं दोघांना लाज वाटली. मयत आमच्या वाट्याला आलं. येणारच होतं, टेबल माझं होतं ना.

दुसरा एक गृहस्थ जालन्यातल्या मस्तगडातला. चांगला शिकलेला. शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी आपल्या हद्दीत येतं म्हणून दर सोमवारी तक्रार घेऊन यायचा. मी म्हणायचो, काका, हे नगरपालिकेचं काम. तो म्हणायचा, "नगरपालिका म्हणती पोलिसांचं." मी त्याला चहा पाजून परत लावायचो. तो वारला तेव्हा खांदा द्यायला तोच शेजारी पहिला आल्ता. हे पण बघितलं आहे.

आणि मी दुसऱ्यांना काय हसू? मी परतूर तालुक्यातला. वडील मोंढ्यात हमाली करायचे. माझा जन्म परभणी जिल्ह्यात झाला आणि लग्न जालना जिल्ह्यात. घर तेच, अंगण तेच, फक्त मधी कुणीतरी जिल्हा बदलला. माझी आई जाईपर्यंत "परभणीला अर्ज द्या" म्हणायची. तिला कुणी कळवलंच नव्हतं.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

निवृत्तीला थोडे महिने राह्यले होते. जालन्याच्या बाहेर सळया बनवणाऱ्या कारखान्यांचा पट्टा आहे. त्या रस्त्यावर सकाळच्या धुक्यात एका माणसाला ट्रेलरनं उडवलं. ट्रेलर थांबला न्हाई. मी गेलो तेव्हा लोकांनी वरती पोतं टाकलं होतं. चेहरा राह्यला नव्हता. रंगानं सावळा, अंगानं काटक, पन्नाशीचा. खाकी पॅन्ट, वरती जुना स्वेटर. खिशात तंबाखूची डबी आणि चेंदा झालेला मोबाईल, सिमसकट गेलेला. बाकी काही न्हाई.

पंचनामा करताना माझी एक सवय होती. मी हात बघायचो. चेहरा खराब होतो, कपडे कुणाचेही असतात, हात ज्याचे त्याचेच असतात. ह्याच्या डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून आत वळलेली होती, जन्मापासूनची असावी अशी. मी फोटोवाल्याला म्हणलं, हाताचा वेगळा फोटो घे.

तिथं समोरच्या पानटपरीवाल्यानं स्वेटरवरून माणूस ओळखला. "हे तर चौधरी. लक्ष्मण चौधरी. वॉचमन होते. सकाळी माझ्याकडं चहा प्यायचे."

"राहणार कुठले?"

"गोदावरीचे. तसंच म्हनायचे. कुठले म्हनलं का, गोदावरी."

मी कारखान्यात गेलो. मॅनेजर म्हणाला, "अपघात गेटच्या बाहेर झाला. आमचा काही संबंध येत नाही." म्हणजे त्याचीपण हद्द होती, गेटपर्यंत. वॉचमन पुरवणारा ठेकेदार म्हणाला, "रोजानं यायचा. कागद-बिगद काही न्हाई. इथलाच असंल की, हिंदीतच बोलायचा पण." मी विचारलं, इथला असून हिंदीत का बोलायचा? तर म्हणाला, "जालन्यात अर्धे लोकं हिंदीतच बोलतेत, जमादार." तेही खरंच होतं.

मला ते पटलं नव्हतं. गोदाकाठचा माणूस कधी "गोदावरीचा" म्हणून सांगत न्हाई. तो गावाचं नाव सांगतो. नदीचं नाव कोण सांगतं? मी साहेबांना म्हणलं, मला जरा आजूबाजूच्या वॉचमन लोकांत फिरू द्या. साहेब म्हणजे आमचे ठाण्याचे निरीक्षक. वाईट माणूस न्हाई, पण त्यांच्या डोक्यात कायम महिन्याचा तक्ता चाललेला असायचा. किती दाखल, किती निकाली. म्हणाले, "फिरा. पण उद्यापासून तुम्ही निवडणूक बंदोबस्ताला आहात." आणि मला दुसऱ्या तालुक्यात धाडून दिलं.

महिन्याभरानं मी परत आलो तेव्हा टेबल साफ होतं. साहेब खुशीत होते. "जमादार, तुमचं काम केलं बरं का. एका दगडात दोन." त्यांनी गोदाकाठच्या सगळ्या ठाण्यांना संदेश पाठवला होता, लक्ष्मण चौधरी, वय अंदाजे पन्नास, गोदावरीकाठचा, कुणी हरवला आहे का? आणि लगेच उत्तर आल्तं. होता. गोदाकाठच्या एका गावातला लक्ष्मण चौधरी बऱ्याच वर्षांपूर्वी ट्रकवर क्लीनर म्हणून गेला होता, तो परत आलाच न्हाई. त्याच्या आईनं तक्रार दिलेली होती. गावाचं नाव मी इथं लिहीत न्हाई. त्या लोकांचा काही दोष न्हाई.

लक्ष्मणचा भाऊ माणिक येऊन प्रेत घेऊन गेला होता. नदीवर अग्नी दिला. तेरवीपण झाली. आमचं मयत निकाली, त्यांची मिसिंग निकाली. दोन्ही ठाण्यांचे तक्ते बराबर.

मी माणिकचा जबाब वाचला. "सदर प्रेत हे माझा भाऊ लक्ष्मण याचेच आहे." असं कुणी बोलत असतं का? मी लिहिणाऱ्या शिपायाला बाजूला घेतलं. विचारलं, माणिक नेमका काय बोलला? तो म्हणाला, "उंची बघितली, अंग बघितलं, अन् म्हनला, असंल. त्योच असंल."

असंल. आमच्याकडं हा शब्द फार कामाचा आहे. पाऊस येईल का? असंल. पोरगं पास होईल का? असंल. त्याच्यात हो पण असतं, न्हाई पण असतं, आणि जीव दमला आहे हे पण असतं. सरकारी भाषेत तो शब्दच न्हाई. तिथं "आहे" किंवा "नाही". शिपायानं "असंल"चं "आहे" केलं आणि खाली अंगठा घेतला.

मी साहेबांकडं गेलो. म्हणलं, डी.एन.ए.साठी काही ठेवलं का? साहेब म्हणाले, "ओळख पटल्यावर कशाला ठेवायचं?" मी म्हणलं, ओळख पटली न्हाई साहेब, पटवून घेतली. त्यांनी फाईल मिटली. मंग म्हणाले, "किती महिने राहिले तुमचे? शांतपणे काढा."

मी गप बसलो. दुसरं काय करणार होतो?

मंग एक दिवस ती पोरगी आली.

दुपारची वेळ. ठाण्यात पंखा बंद, वीज गेल्ती. तिशीची, सावळी, साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला शाळेच्या बाईसारखी पिशवी. नाव सांगितलं, सुशीला चौधरी. मला वाटलं जालन्याचीच असंल. बोलायला लागली ती स्वच्छ हिंदीत. वडील इथं वॉचमन आहेत, फोन लागत न्हाई, कारखान्यात गेले तर ओळखत न्हाई म्हणतात. भाऊ परदेशात मजुरीला, आई चालत न्हाई, म्हणून मीच आले. शाळेत शिकवते.

"कहाँ से आयी हो, बेटा?"

"गोदावरी से, सर."

मी म्हणलं, "कौनसी गोदावरी?"

"गोदावरी नगरपालिका. कैलाली जिल्ला. सुदूरपश्चिम प्रदेश. नेपाल."

 आता सांगा, नेपाळ म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? गोरा, बारीक डोळ्यांचा, कानटोपी घातलेला, रात्री शिट्टी वाजवणारा बहादूर. माझ्या डोक्यातपण तेच होतं. शाळेत गुरुजींनी शिकवलं, नेपाळ हा डोंगराळ देश आहे. झालं, तेवढंच. त्या डोंगराला पायथापण असंल, आणि पायथ्याला आपल्यासारखी काळी सावळी, शेती करणारी, चौधरी आडनावाची माणसं राहत असतील, हे गुरुजींनी सांगितलं न्हाई आणि मी कधी विचारलं न्हाई.

मी तिला बाहेर बाकावर नेलं, पाणी दिलं. लगेच सांगायची हिंमत झाली न्हाई. म्हणून विचारत बसलो, तुमच्याकडं गोदावरी कशी काय? शिकवणारी बाई ती. बाकावर धूळ होती, तिनं बोटानं त्यावर देश काढला. लांबट, तिरका, बाज कुणीतरी एका बाजूनं ओढून ठेवली असावी तसा. वरती बर्फाचा पट्टा, मधी डोंगर, खाली सपाट. मंग वरून खाली रेघा मारल्या. सात तुकडे.

मी म्हणलं, आडव्या का न्हाई मारल्या? बर्फवाले एकीकडं, सपाटवाले एकीकडं?

तिचं म्हणणं असं, की आडवी रेघ मारली असती तर धान्य सगळं खालच्यांना आणि वरच्यांना नुसता दगड. म्हणून उभ्या मारल्या, प्रत्येकाला थोडा थोडा डोंगर, थोडी थोडी जमीन. ऐकायला बराबर आहे. पण खालच्या तिच्या लोकांना आपला सपाट मुलूख एका रेघेत पायजे होता. त्यावरून फार तंटा झाला. "रेखा खींचनेवाले ऊपर बैठते हैं, सर. हम तो रेखा के नीचे आते हैं." पहिल्यांदा तिच्या प्रदेशाला नावसुद्धा नव्हतं, नुसता सात नंबर. त्याच्या आधी दुसरी वाटणी होती, तिला अंचल म्हणायचे, तिचा अंचल सेती. आजोबा अजून सेतीच म्हणतात. मला माझी आई आठवली, परभणीवाली.

"और गोदावरी?"

"पहले हमारे शहर का नाम अत्तरिया था. नया बनाया तो गोदावरी रख दिया."

आणि मंग ती हसली. म्हणाली, पापा इथं आले तेव्हा सगळ्यांना अत्तरिया सांगायचे. लोक विचारायचे, अत्तर विकता का? चिडवायचे. मंग गावाचं नाव बदललं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. फोनवर म्हणाले, बेटा, अब अच्छा हुआ, यहाँ भी गोदावरी है. गोदावरी बोलता हूँ तो लोग अपना समझते हैं.

अपना समझते हैं. खरंच समजले. इतकं आपलं समजले की नेऊन जाळून आले.

मी फायलीतला हाताचा फोटो काढून आणला. चेहऱ्याचे फोटो आतच ठेवले. तिनं तो बघितला. आपला डावा हात उचलून फोटोशेजारी बाकावर ठेवला. तिची करंगळी आत वळलेली होती, अगदी तशीच. हात ठेवला तिथं धुळीतला तिचा देश पुसला गेला.

रडण्याचं मी काही सांगत न्हाई. माझ्या टेबलासमोर आयुष्यभर लोकं रडली, पण ती वाट बघून रडायची. ही आली तोवर सगळं होऊन गेलं होतं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, कहाँ हैं? मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत न्हाई. ती म्हणाली, मला तिथं न्या. साहेबांना विचारलं असतं तर न्हाई म्हणाले असते. मी रजेचा अर्ज टेबलावर ठेवला आणि तिला एस.टी.त बसवलं.

जाताना मी माणिकला फोन केला. पोरीचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जमादार, मला ठावं व्हतं हो. मनातून ठावं व्हतं. पन आई रोज सांजंला फाट्यावर जाऊन बसायची. येष्टी आली का उठायची, कोन उतरलं बघायची, परत बसायची. लोकं हसायचे. मी म्हनलं, एकदाचं संपू द्या. चुकलं का माझं?"  मी त्याच्या जागी असतो तर मीपण असंल म्हणलो असतो.

कौसाबाई, माणिकची आई, ओट्यावर तूर निवडत बसली होती. सत्तरीच्या पुढची, पण नजर तेज. कपाळ मोकळं, पाठ सरळ. मला बघून म्हणाली, "या जमादार. आता काय राह्यलंय?" लेकाची तेरवी झालेल्या बाईसारखी ती शांत होती. मी नोकरीत असल्या कितीतरी आया बघितल्या. हरवलेल्याची आई कधी शांत नसते. मेलेल्याची होते, हळूहळू होते. हिला ती शांती मिळाली होती आणि मी ती काढून घ्यायला आल्तो. आमच्या बौद्ध लोकांत तेरवी नसते, पुण्यानुमोदन असतं, पण गोष्ट तीच. गेलेल्याला सोडून द्यायचं, आणि आपण जेवायला बसायचं. ही बाई एवढ्या वर्षांनी पोटभर जेवायला लागली होती, असं माणिक म्हणाला.

मी ओट्याच्या कडंला टेकलो. माणिकनं मान खाली घातली. शेवटी सुशीलाच पुढं झाली. तिला मराठी येत न्हाई, कौसाबाईला हिंदी थोडी समजते. ती म्हाताऱ्या बाईसमोर खाली बसली आणि म्हणाली, "माँजी, वो मेरे पापा थे."

कौसाबाईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

मला वाटलं आता आकांत होईल, शिव्या होतील. बाईनं तुरीचं सूप बाजूला सारलं, पोरीचा डावा हात हातात घेतला, आणि करंगळीवरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मंग म्हणाली, "त्वांड दाखवलं न्हाई मला. समदं बांधून आनलं व्हतं. मी म्हनलं, निदान हात तरी द्या. ह्योच हात व्हता. म्या म्हनलं, माझ्या लक्ष्मणाचं बोट तर सरळ व्हतं. मंग म्हनलं, इतक्या वर्सांत कामानं वाकडं झालं असंल."

तिनंपण असंल म्हणलं होतं.

"म्या त्यो हात न्हाऊ घातला, पोरी," ती सुशीलाला म्हणाली. "हळद लावली. तुझा बाप उगंउगं गेला न्हाई. त्याला आई व्हती तवा." मी ते हिंदीत सांगायला गेलो, पण सुशीलानं हातानं थांबवलं. तिला समजलं होतं. तिनं म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवलं.

मंग आम्ही नदीवर गेलो. गोदावरीला पाणी थोडं होतं, वाळूच जास्त. माणिकनं जागा दाखवली. सुशीलानं तिथली मूठभर वाळू ओढणीच्या टोकाला बांधली. म्हणाली, आईला सांगीन, गोदावरीची आहे. खोटं होणार न्हाई.

तिला एक पायजे होतं, मृत्यूचा दाखला. वडिलांच्या नावाचा, खऱ्या पत्त्याचा. तो न्हाई तर तिकडं तिचा बाप जिवंतच राहणार, तिची आई ना सधवा ना विधवा. मी म्हणलं, देतो बेटा. वर्दीच्या गुर्मीत म्हणलं. एवढी वर्षं नोकरी केली, एक कागद दुरुस्त करता येणार न्हाई का?

मी साहेबांना अहवाल दिला. साहेबांनी वाचला. पूर्ण वाचला, हे मान्य करतो. मंग दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "जमादार, समजा हा नेपाळचा होता. मग त्यांचा लक्ष्मण कुठे आहे?"

"हरवलेला हाय, साहेब."

"तो सापडलेला आहे. मी तसं वर कळवलंय. त्यांनी तसं वर कळवलंय. ग्रामपंचायतीनं दाखला दिलाय. सापडलेला माणूस परत हरवायची सोय नाही आपल्याकडे."

मी म्हणलं, मंग त्या पोरीच्या बापाचं काय? साहेब म्हणाले, "पुरावा काय? करंगळी?" आणि खरं सांगतो, त्या माणसाच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तो खरोखर विचारत होता. पुरावा काय? जो होता तो त्यांनीच अग्नीला दिला होता. मी म्हणलं, माणिकचा नवा जबाब घ्या. तर म्हणाले, तो राहतो दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत, जबाब तिकडं द्यावा. तिकडच्या ठाण्यात गेलो. ते म्हणाले, प्रेत तुमच्या हद्दीत सापडलं, दुरुस्ती तुम्ही करा. दिल्लीत त्यांच्या वकिलातीला पत्र लिहिलं. त्यांनी विचारलं, मयताचा नेपाळचा पत्ता आपल्या पोलीस कागदात आहे काय? आमच्या पोलीस कागदात पत्ता होता, गोदावरीकाठ, जिल्हा जालना.

सुशीला आठ-दहा वेळा ठाण्यात येऊन बसली. शेवटी तिची रजा संपली. रिकाम्या हातानं गेली म्हणत न्हाई, ओढणीत वाळू होती. स्टेशनवर दिल्लीच्या गाडीत बसवताना मी म्हणलं, "बेटा, माफ करना." ती म्हणाली, "आपने तो मुझे बिठाया, सर. पानी दिया." एवढ्यावर तिनं माझी नोकरी माफ केली. मी अजून केली न्हाई.

त्यानंतर मी निवृत्त झालो. शाल, नारळ, फोटो. साहेबांनी भाषणात सांगितलं, जमादारांनी अनेक कुटुंबांना त्यांची माणसं मिळवून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नारळ घेऊन घरी आलो.

मागच्या उन्हाळ्यात कौसाबाईचा फोन आला. माणिकनं लावून दिला होता. म्हणाली, "जमादार, मी जालन्याला येऊन राह्यले. ठाण्यावर या." मी गेलो. वर्दी न्हाई, काही न्हाई, साध्या शर्टावर. ती एकटी एस.टी.नं आली होती. त्या बाकावर बसली होती. ठाणे अंमलदार नवीन, मला ओळखत नव्हता.

मी म्हणलं, ह्या मावशीची तक्रार घ्या, लेक हरवलाय. त्यानं नाव विचारलं, संगणकात बघितलं, आणि अदबीनं म्हणाला, "आजी, लक्ष्मण चौधरी तर मयत आहेत. दाखला निघालेला आहे. मयत माणसाची मिसिंग घेता येत नाही."

"त्यो दाखला त्या पोरीला द्या," कौसाबाई म्हणाली. "तिचा बाप मेलाय. माझा लेक न्हाई मेला. मेला असंलबी, पन ह्यो त्यो न्हाई."

"साहेब आल्यावर बघू," तो म्हणाला. साहेब बदलून गेले होते, हे नवीन साहेब. ते बैठकीला होते. आम्ही दोघं बसलो. मी तिला चहा आणून दिला, ती बशीत ओतून प्यायली. दुपार उलटली. साहेब आले न्हाईत. मंग ती उठली आणि अंमलदाराच्या टेबलापाशी गेली. रडली न्हाई, हात जोडले न्हाईत.

"शोधू नका," म्हणाली. "तुमाला येळ न्हाई, मला समजतंय. मला फकस्त येवढं एका कागदावर लिहून द्या, का माझा लक्ष्मण हरवलाय. म्हंजी मला परत फाट्यावर बसता यील. आता बसले तर लोकं म्हनत्यात, म्हातारी येडी झाली, मेलेल्याची वाट बघती."

अंमलदारानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं. त्यानं पेन खाली ठेवलं.

कौसाबाईला ते कुणी लिहून दिलं न्हाई. म्हणून मी इथं लिहितो. गोदाकाठच्या कौसाबाईचा लेक लक्ष्मण चौधरी हरवलेला आहे. तो अजून सापडलेला न्हाई.